तिकिटामागची हमी : नौवहन महासंचालनालयाची पंच्याहत्तर वर्षे

मध्य रेल्वेच्या कांजूरमार्ग स्थानकाच्या पूर्वेला आय-थिंक टेक्नो कॅम्पस नावाचे कार्यालयांचे संकुल आहे. त्यातल्या बीटा इमारतीच्या नवव्या मजल्यावर भारत सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचे मुख्य कार्यालय आहे. हे झाले कागदावरचे नाव. बोटीवर जाणारा कोणीही त्याला ‘डीजी शिपिंग’च म्हणतो. सप्टेंबर १९४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या संस्थेला २०२४ मध्ये पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली.

जहाजांची नोंदणी, त्यांची तपासणी, अपघातांची चौकशी, सागरी प्रदूषण अशी संस्थेची कामे पुष्कळ. पण रत्नागिरी-रायगडपासून बोरिवली-मुलुंडपर्यंतच्या घरांना ती माहीत आहे ती एका कामामुळे. बोटीवर जाणाऱ्या माणसाला लायकीचा दाखला तीच देते. सेकंड मेटपासून मास्टरपर्यंत आणि क्लास फोरपासून चीफ इंजिनिअरपर्यंत प्रत्येकाचे ‘तिकीट’ तिच्या शिक्क्यावर चालते.

दाखला देणे म्हणजे हमी घेणे. भर समुद्रात, रात्री दोन वाजता, वीस-पंचवीस माणसांचे प्राण आणि कोट्यवधींचा माल एका सव्वीस वर्षांच्या मुलाच्या हवाली करून कॅप्टन झोपायला जातो, तो या हमीवर. त्या मुलाला त्याने आधी पाहिलेले नसते. अनेकदा दोघांचा देशही एक नसतो. ही हमी पूर्वी कोण घेत असे, ती सरकारकडे कशी आली आणि सरकारने ती कशी निभावली, हाच या संस्थेच्या इतिहासाचा गाभा आहे.

पूर्वपीठिका : सारंगाचा शब्द

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर हजारो हिंदी खलाशी काम करत. डेकवर कोकण आणि काठियावाडची माणसे, इंजिनखात्यात बरेचसे पठाण आणि पंजाबी, सलूनमध्ये गोवेकर अशी ढोबळ वाटणी होती. गोव्याचे खलाशी दोन सफरींच्या मधले दिवस धोबी तलाव आणि माझगाव भागातल्या, गावागावाच्या नावाने चालणाऱ्या कुडांत, म्हणजे वसतिगृहांत, काढत.

या माणसांची भरती सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, तोंडी शब्दावर होत असे. कंपनीचा गोरा अधिकारी सारंगाला ओळखे, सारंग आपल्या गावची पोरे आणी, आणि काम येते की नाही याची जबाबदारीही त्याच्याच अंगावर असे. शिकवणे म्हणजे बोटीवर गेल्यावर बघून शिकणे. या व्यवस्थेत एक शहाणपण होते : बिनकामाचा माणूस नेला तर सारंगाचीच पत जाई. पण तिची दुसरी बाजू कडू होती. नोकरीसाठी सारंगाला आणि दलालाला पैसे मोजावे लागत, सफरीचा पगार हाती येण्याआधीच कर्जात जाई, आणि ज्याच्याजवळ द्यायला काही नाही तो हुशार असूनही बंदरावर बसून राही. १९२० मध्ये जिनोव्हा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने नाविकांना काम मिळवून देण्यासाठी पैसे घेण्याला मनाई करणारा करार केला. त्यानंतर १९२२ मध्ये हिंदुस्थान सरकारने क्लो समिती नेमून भरतीची चौकशी केली. व्यवस्था मात्र फार हळू बदलली.

अधिकाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. तिथे हिंदी माणूस जवळजवळ नव्हताच. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचा या कंपनीच्या उभारणीत मोठा वाटा होता. जहाज हिंदी मालकीचे झाले, तरी त्याच्या ब्रिजवर उभे राहायला तिकीट असलेले हिंदी अधिकारी आणायचे कुठून, हा प्रश्न राहिलाच. सर शिवस्वामी अय्यर यांनी १९२२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात हा विषय मांडला. पुढे कॅप्टन हेडलम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुंबईत प्रशिक्षण जहाज असावे अशी शिफारस केली. १९०४ साली बांधलेले ‘डफरिन’ हे सैनिक वाहून नेणारे जुने जहाज माझगावसमोर नांगरण्यात आले आणि १९२७ मध्ये त्यावर कॅडेटांची पहिली तुकडी दाखल झाली. त्याच तुकडीतले रामदास कटारी पुढे १९५८ मध्ये स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. ‘डफरिन’ची जागा १९७२ मध्ये ‘राजेंद्र’ने घेतली, आणि १९९३ मध्ये हे शिक्षण पाण्यावरून जमिनीवर, नेरूळजवळच्या करावे येथील ‘चाणक्य’मध्ये आले.

महासंचालनालयाच्या स्थापनेच्या दोनच वर्षे आधी घडलेली एक दुर्घटना कोकणातली जुनी माणसे आजही विसरलेली नाहीत. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ भर पावसात वाटेतच बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. पोहत सुटलेली माणसे किनाऱ्याला लागली, तेव्हा कुठे मुंबईला बातमी कळली. एवढ्या माणसांना घेऊन अशा हवेत ही बोट बंदर सोडायला लायक आहे, असे कोणी ठरवले आणि कशावरून, हा प्रश्न त्या दिवसाने सर्वांपुढे उभा केला.

१९४९ : स्थापना आणि पहिली पावले

सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने १९४७ मध्ये नौवहन धोरणाचा अहवाल दिला. स्वतंत्र देशाचा व्यापारी ताफा वाढवायचा, तर त्यामागे एक यंत्रणा हवी, हे स्पष्ट होते. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या बंदरांत मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटची कार्यालये आधीपासून होती. शिपिंग मास्तरांची कार्यालयेही होती. १९४९ मध्ये या सर्वांवर एक मुख्यालय आले, ते नौवहन महासंचालनालय. राजधानी दिल्ली असली तरी हे मुख्यालय मुंबईत ठेवले, कारण कंपन्या, खलाशी आणि गोदी सगळे इथेच होते.

शिक्षणाची घडी याच सुमारास बसू लागली. १९४८ मध्ये मुंबईत नॉटिकल अँड इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले. आज ते लालबहादूर शास्त्रींच्या नावाने ओळखले जाते. बोटीवरून उतरलेला अधिकारी पुढच्या तिकिटाची तयारी करायला इथे येई. १९४९ मध्ये मरीन इंजिनिअरांसाठी डीएमईटी ही प्रशिक्षण संस्था निघाली, तिच्या शाखा कलकत्ता आणि मुंबई येथे होत्या. खलाशांसाठी, म्हणजे रेटिंगसाठी, तीन प्रशिक्षण जहाजे आली : कलकत्त्याला ‘भद्रा’, विशाखापट्टणमला ‘मेखला’ आणि सौराष्ट्रातल्या नवलखी बंदरात ‘नौलक्षी’. गाठी मारणे, रंग काढणे, सुकाणू धरणे, बोट पाण्यात सोडणे हे शिकून मगच पोरगा बोटीवर चढू लागला. मुंबई आणि कलकत्त्याला सरकारी सीमेन्स एम्प्लॉयमेंट ऑफिस निघाले आणि नोंदवहीतल्या पाळीप्रमाणे काम मिळू लागले. हमी सारंगाकडून सरकारकडे आली ती अशी, एकेका कार्यालयाने आणि एकेका नोंदवहीने.

या सगळ्याला कायद्याचा पाया मिळाला तो १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने. १९५६ ते १९६४ या काळात महासंचालकपदी असलेल्या डॉ. नगेंद्र सिंह यांची या घडणीवर मोठी छाप आहे. पुढे ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष झाले. २ ऑक्टोबर १९६१ रोजी ईस्टर्न आणि वेस्टर्न या दोन सरकारी कंपन्या एकत्र करून शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिच्या जहाजांवर कॅडेटांच्या पिढ्या घडल्या. या कॉर्पोरेशनची प्रशिक्षण संस्था उपनगरात, पवईला, आदि शंकराचार्य मार्गावर आहे.

ओरल्स

लेखी परीक्षा अनेकांना आठवत नाहीत. ओरल्स, म्हणजे तोंडी परीक्षा, मात्र निवृत्तीनंतरही आठवतात. मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटच्या कार्यालयात समोर सर्व्हेयर बसलेला असतो. तो स्वतः अनेक वर्षे समुद्रावर काढून आलेला, म्हणजे पाठांतराने त्याला फसवणे कठीण. बाहेर बाकावर कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसलेली मुले टक्करप्रतिबंधक नियम ओठातल्या ओठात म्हणत असतात. हे नियम १९७२ चे, आणि ते शब्दशः पाठ असावे लागतात.

प्रश्न साधाच असतो. रात्र आहे. तुमच्या उजव्या बाजूला पुढे एका जहाजाचा लाल बाजूदिवा दिसतो आहे. दर दोन मिनिटांनी कंपासवर दिशा पाहता, ती बदलत नाही. काय कराल? दिशा बदलत नाही आणि अंतर कमी होते आहे, म्हणजे टक्कर होणार. ते जहाज तुमच्या उजवीकडून येते आहे, म्हणजे बाजूला होण्याची जबाबदारी तुमची. वेळेवर, समोरच्याला स्पष्ट दिसेल इतके उजवीकडे वळायचे आणि त्याच्या मागून जायचे. मुलगा एवढे बिनचूक सांगतो आणि सैल होतो. तेव्हा सर्व्हेयर दुसरा प्रश्न टाकतो : उजवीकडे पाणी उथळ आहे, आणि समोर हिरव्याखाली पांढरा दिवा लावलेला ट्रॉलर आहे. आता? यापुढे पुस्तक संपते. मुलगा कॅप्टनला वेळेत उठवतो की नाही, वेग कमी करायचे त्याला सुचते की नाही, गोंधळला तर कबूल करतो की रेटून खोटे बोलतो, हे सर्व्हेयर पाहत असतो. नापास होणाऱ्यांत नियम न येणारे असतातच. पण नियम येत असून निर्णय न घेणारेही असतात, आणि या परीक्षेचा खरा उपयोग त्यांना रोखण्यात आहे.

हे नियम किती जवळचे आहेत ते मुंबईने ७ ऑगस्ट २०१० रोजी पाहिले. बंदराच्या तोंडाशीच बाहेर जाणारी ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारी ‘खलीजिया’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलंडली, कंटेनर समुद्रात पडले, तेल किनाऱ्यांपर्यंत पसरले आणि देशाची दोन मोठी बंदरे काही दिवस ठप्प झाली. दिवसाउजेडी, ओळखीच्या पाण्यात, दोन्हीकडे तिकीटवाले अधिकारी असताना हे घडले. हमी एकदा देऊन भागत नाही, ती पुन्हा पुन्हा तपासावी लागते, हा धडा महाग पडला.

लंडनचे नियम आणि उपनगरातले वर्ग

हमीचा व्यवहार देशादेशांतला झाला तो १९७८ मध्ये. त्या वर्षी लंडनमध्ये नाविकांचे प्रशिक्षण, दाखले आणि पहारा यांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. हाच एसटीसीडब्ल्यू. १९८४ मध्ये तो अमलात आला आणि भारतही त्यात सामील झाला. १९९५ मध्ये त्यात मुळापासून बदल झाले. तोवर विद्यार्थ्याने किती तास शिकले ते मोजले जाई. आता त्याला प्रत्यक्ष काय करता येते, ते दाखवून द्यावे लागले. देशोदेशीच्या व्यवस्था तपासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने डिसेंबर २००० मध्ये विश्वासपात्र देशांची यादी जाहीर केली, तिला ‘व्हाइट लिस्ट’ म्हणतात. भारत पहिल्याच यादीत होता. त्यासाठी अभ्यासक्रम, परीक्षा आणि नोंदी नव्याने बांधण्याचे काम महासंचालनालयाने केले. ते काम झाले नसते, तर भारतीय तिकिटावर परदेशी जहाजांवर काम मिळणे अवघड झाले असते. २०१० मध्ये मनिलाला झालेल्या दुरुस्त्यांनी इलेक्ट्रॉनिक नकाशे, जहाजाची सुरक्षा आणि विश्रांतीचे तास यांचे नियम आले : चोवीस तासांत किमान दहा आणि सात दिवसांत किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती.

१९९७ पासून खासगी संस्थांना सागरी प्रशिक्षणाची दारे उघडली. आज देशात दीडशेहून अधिक मान्यताप्राप्त संस्था आहेत. मुंबई उपनगरांचा या इतिहासात खरा प्रवेश इथून होतो. अंधेरी-कुर्ला रस्ता, चकाला आणि पवईत परदेशी कंपन्यांसाठी माणसे नेमणारी कार्यालये आली, त्यांच्या जोडीने प्रशिक्षण केंद्रे आली. पूर्वी बोटीचा माणूस बॅलार्ड इस्टेटला जायचा. आता साकीनाक्याच्या वाहतुकीत रिक्षात बसलेला, मांडीवर फाइल धरलेला मुलगा सिम्युलेटरच्या वर्गाला निघालेला असतो. वर्सोवा, मढ, गोराईचे कोळी, बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीतली आणि मालाडच्या ऑर्लेममधली ख्रिस्ती कुटुंबे, जोगेश्वरी-कुर्ल्यात स्थिरावलेले कोकणी मुसलमान अशा घरांतून ‘बोटीवर असलेले’ कोणी ना कोणी सापडतेच.

या वर्गांत काय शिकवतात, ते एका धड्यावरून कळेल. जीव वाचवण्याच्या अभ्यासक्रमात प्रत्येकाला लाइफजॅकेट घालून उंचावरून तलावात उडी मारावी लागते. एका हाताने नाक-तोंड दाबायचे, दुसऱ्याने जॅकेट खाली घट्ट धरायचे, पाय जुळवायचे, नजर समोर. खाली बघून उडी मारली की तोल जातो, आणि जॅकेट धरले नाही तर ते हनुवटीवर आदळते. मग पाण्यात उलटा पडलेला तराफा सरळ करायचा. गॅसच्या सिलिंडरच्या बाजूने वर चढायचे, तिथे पाय रोवायचे, तळावरच्या पट्ट्या धरून सगळे वजन मागे टाकायचे. तराफा वर उचलला जातो आणि उलटवणाऱ्याच्याच अंगावर येतो. त्या क्षणी घाबरायचे नाही, पाठीवर पोहत त्याच्याखालून बाहेर यायचे. आगीच्या वर्गात श्वसनयंत्र पाठीवर बांधून धुराने भरलेल्या अंधाऱ्या खोलीत जावे लागते. तिथे हाताची मागची बाजू भिंतीला लावत सरकायचे, म्हणजे उघडी वायर लागली तरी मूठ तिच्यावर आवळली जात नाही. या गोष्टी वाचून येत नाहीत आणि बोटीवर पहिल्यांदा शिकायला वेळ मिळत नाही. म्हणून प्रत्येकाला त्या कराव्या लागतात, कॅप्टनपासून स्वयंपाक्यापर्यंत.

दलाल परत येतो

संस्था वाढल्या, तशी लबाडीही वाढली. वर्ग न भरवता हजेरी लावणे, बनावट दाखले, नोकरीचे आमिष दाखवून गावाकडच्या मुलांकडून लाखो रुपये उकळणे, पैसे भरूनही बोट न मिळणे, या तक्रारी गेल्या पंचवीस वर्षांत सतत येत राहिल्या. जिनोव्हाच्या परिषदेला शंभर वर्षे झाली तरी दलाल संपला नाही. त्याने फक्त कार्यालय थाटले आणि व्हिजिटिंग कार्ड छापले.

महासंचालनालयाने त्यावर अनेक उपाय केले. प्रत्येक नाविकाला इंडोस क्रमांक मिळाला आणि त्याचे दाखले, सफरी, परीक्षा एका ठिकाणी नोंदल्या जाऊ लागल्या. माणसे नेमणाऱ्या कंपन्यांसाठी २००५ मध्ये परवान्याचे नियम आले, ते २०१६ मध्ये नव्याने बांधले गेले. रेटिंगच्या शेवटच्या परीक्षेचे काम संस्थांकडून काढून स्वतंत्र परीक्षा मंडळाकडे दिले. म्हणजे ज्याने शिकवले त्यानेच पास करायचे, ही पळवाट बंद झाली. संस्थांची सर्वंकष तपासणी आणि श्रेणी ठरवणे सुरू झाले. ऑक्टोबर २०१५ मध्ये भारताने सागरी श्रम करार स्वीकारला आणि पगार, करार, मायदेशी परत पाठवणे हे नाविकाचे हक्क म्हणून मान्य झाले. २०१९ मध्ये चेहऱ्याची जैवमितीय नोंद असलेले नाविक ओळखपत्र देणारा भारत हा पहिला देश ठरला.

२००८ मध्ये भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन झाले. ‘चाणक्य’, डीएमईटीचा वारसा सांगणारी संस्था आणि लालबहादूर शास्त्री महाविद्यालय त्याकडे गेले. त्यामुळे पदवी विद्यापीठाची आणि तिकीट महासंचालनालयाचे, अशी विभागणी झाली. शिकवणारा आणि हमी घेणारा वेगळे असावेत, हे तत्त्व यात आहे आणि ते योग्य आहे. महासंचालक राहिलेल्या डॉ. मालिनी शंकर पुढे याच विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

बॅलार्ड इस्टेट ते कांजूरमार्ग

अनेक वर्षे संस्थेचा पत्ता होता जहाज भवन, वालचंद हिराचंद मार्ग. बंदर, शिपिंग कंपन्या, खलाशांच्या युनियन आणि नौ भवनातले शिपिंग मास्तरांचे कार्यालय, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. गेल्या दशकात मुख्यालय कांजूरमार्गला आले तेव्हा हळहळणारे बरेच होते. गोदीचा भोंगा जिथे ऐकू येत नाही तिथे शिपिंगचे कार्यालय काय करणार, अशी थट्टाही झाली. पण कामाचे स्वरूप तोवर बदलले होते. अर्ज ऑनलाइन झाले होते, नाविक आणि कंपन्या दोघेही उपनगरांत आले होते, आणि पवई-अंधेरीतल्या प्रशिक्षण केंद्रांना हे ठिकाण जवळचे होते. ठाण्या-मुलुंडच्या मुलाला एक लोकल पुरते. परीक्षेसाठी आणि खलाशी नोंदींच्या काही कामांसाठी मात्र त्याला दक्षिण मुंबई गाठावीच लागते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि कार्यालय कुठे आहे याला अर्थच उरला नाही. जगभर नाविक बोटींवर अडकले. करार संपलेल्यांना उतरता येईना, घरी बसलेल्यांना चढता येईना. २३ एप्रिल २०२० रोजी ‘मरेला डिस्कव्हरी’ या प्रवासी जहाजावरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबई बंदरात उतरले. केंद्र सरकारच्या परवानगीनंतर घडलेला हा प्रसंग पुढच्या हजारो बदल्यांचा नमुना ठरला. वर्ग ऑनलाइन भरले, परीक्षा ऑनलाइन झाल्या. तलावातली उडी मात्र पडद्यावर मारता येत नाही, त्यामुळे प्रात्यक्षिके थांबली आणि नंतर ती भरून काढावी लागली.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी, ‘तौक्ते’ वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. त्यांतली सत्तरच्या आसपास गेली. वेल्डर, फिटर, मदतनीस अशी कामे करणारी ही माणसे नाविक म्हणून मोजली जात नव्हती. समुद्रावर राहणाऱ्या प्रत्येकाला जीव वाचवण्याचे प्रशिक्षण हवे की फक्त खलाशाला, हा प्रश्न त्या रात्रीने विचारला.

कक्षेबाहेरचे

प्रशिक्षण आणि लायकीची सगळीच जबाबदारी महासंचालनालयाची नाही. वर्सोवा-मढची फेरी किंवा गोराईची लाँच चालवणाऱ्या सारंगाचा परवाना राज्याच्या महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कक्षेत येतो. गोदीतल्या कामगारांचा कायदा वेगळा. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’वर स्फोट झाला, तेव्हा दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या एकाच जहाजात शेजारी भरलेल्या होत्या. माल कसा रचावा हे जाणणे ही जीवनमरणाची विद्या आहे, हे त्या दिवसाने शिकवले. १९८६ च्या गोदी कामगार सुरक्षा कायद्याची अंमलबजावणी आणि त्याविषयीचे प्रशिक्षण कारखाना सल्ला सेवेच्या महासंचालनालयाकडे आले, त्याची केंद्रीय श्रम संस्था शीवला आहे. एकाच जहाजाच्या जिन्याच्या वर एक कायदा आणि खाली दुसरा, अशी ही विभागणी आहे.

आजचा हिशेब

२०२१ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीनुसार जगात सुमारे १८ लाख ९० हजार नाविक आहेत. सर्वाधिक नाविक पुरवणाऱ्या पाच देशांत भारत आहे. मार्च २०२४ मध्ये बाल्टिमोरचा पूल ‘डाली’ जहाजाच्या धडकेने कोसळला तेव्हा जहाजावरच्या २१ कर्मचाऱ्यांपैकी २० भारतीय होते. जहाजावरून वेळेत धोक्याची सूचना मिळाल्यामुळे पुलावरची वाहतूक थांबवता आली.

स्त्रियांच्या बाबतीत बदल उशिरा पण निश्चित झाला. जून २०१५ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनच्या ‘संपूर्ण स्वराज्य’ जहाजाच्या मास्टर कॅप्टन राधिका मेनन यांनी खवळलेल्या बंगालच्या उपसागरात बुडणाऱ्या होडीतून सात मच्छीमारांना वाचवले. त्याबद्दल २०१६ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळाला. मार्च २०२१ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदरातून ‘स्वर्ण कृष्णा’ हे टँकर फक्त महिला अधिकाऱ्यांना घेऊन निघाले. प्रशिक्षणासाठी मुलींना वयात दोन वर्षांची सवलत आहे. त्यांना बोटीवर जागा देणाऱ्या कंपन्या मात्र अजून कमी आहेत.

जागेचा प्रश्न मुलांपुढेही आहे, आणि तो या संस्थेपुढचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. डिप्लोमा केलेल्या डेक कॅडेटला सेकंड मेटच्या परीक्षेआधी अठरा महिने प्रत्यक्ष समुद्रावर काढावे लागतात. वर्गात प्रवेश मिळतो, फी भरली जाते, दाखला मिळतो, पण बोट मिळत नाही. आईवडिलांनी कर्ज काढलेले असते आणि मुलगा वर्ष-दोन वर्षे कंपन्यांचे उंबरठे झिजवतो. अशाच वेळी दलाल त्याला गाठतो.

१९५८ च्या कायद्याची जागा घेणारा नवा मर्चंट शिपिंग कायदा २०२५ मध्ये संमत झाला. चौकट नवी झाली. तिच्यात तीन कामे प्राधान्याने व्हायला हवीत. बोटीवर जितक्या जागा आहेत, तितकेच प्रवेश व्हावेत. शिकवणाऱ्यांचा स्वतःचा समुद्राचा अनुभव ताजा आहे का, ते तपासले जावे. आणि परीक्षक म्हणून येणाऱ्या सर्व्हेयरांची संख्या व पगार असे असावेत, की चांगला कॅप्टन ही नोकरी पत्करायला तयार होईल. कारण संगणक दाखला खरा आहे की नाही एवढेच सांगू शकतो. तो ज्याच्या हातात आहे त्याला काम येते की नाही, हे समोर बसलेल्या जाणत्या माणसालाच पाहावे लागते. पूर्वी सारंग हे आपल्या पतीवर करत असे आणि त्याची किंमत गरिबाकडून वसूल करत असे. महासंचालनालयाने पंच्याहत्तर वर्षांपूर्वी तेच काम सरकारच्या पतीवर करायचे स्वीकारले. यापुढे या संस्थेचे मोजमाप करायचे तर दिलेल्या तिकिटांच्या संख्येने करू नये. लायक मुलाला दलालाच्या दारात न जाता बोट मिळते का, आणि नालायक माणूस ओरल्सच्या खोलीतून रिकाम्या हाताने परत जातो का, याच दोन गोष्टींवरून ते करावे.